डॉक्टरसाहेबांनी पटर वश केला त्याची हकीकत

डॉक्टरसाहेबांचे गोल्फाविषयी अफवा फार उठल्या, सबब खरे वर्तमान काय ते, कोणाची भीड न धरिता, येथे नमूद केले असे.

दाढविध्वंसक, दंतवैद्यकुलभूषण डॉक्टरसाहेब म्हणजे खासा पुरुष. लांबचा फटका ऐसा मारीत की चेंडू आसमानास भिडावा. आणि मग भोक वीतभर राहिले की हातास कंप सुटे आणि चेंडू बगल देऊन निघून जाई. गनीम कोण, तर लेकीचे सासरे, खुद्द व्याही. इतके थोडके अंतर उरता 'दिला' म्हणून, म्हणजे चेंडू न मारिताच आत पडला ऐसे मानून, प्रतिपक्षास सोडावे, ऐसा मैदानाचा रिवाज. परंतु व्याह्यांचे मुखातून तो शब्द कधी निघाला नाही. ऐशा अकरा शिकस्ती जाहल्या. तेव्हा साहेबांनी दोन्ही घरच्या मंडळींदेखत शपथ वाहिली की, येत्या रविवारी जिंकलो नाही तर खेळ सोडीन. बोलून गेले आणि मग पस्तावले, कारण रविवार वजा जाता आयुष्यात लोकांच्या दाढांखेरीज काही उरत नव्हते.

मग पटर म्हणजे चेंडू भोकात ढकलावयाची काठी, तिची खरीदी आरंभिली. एक छातीस टेकावयाची लांब, एक कुदळीच्या तोंडाची, आणि एक ऐसी की दुकानदारासही तिचे प्रयोजन ठाऊक नव्हते. हात उलटे धरून पाहिले, श्वास कोंडून पाहिले, डोळे मिटून मारिला तो चेंडू कपाटाखाली गेला. दवाखान्यात हत्यारे हाती देणाऱ्या बाईसाहेब, म्हणजे साहेबांचे कुटुंब, संतप्त होऊन फर्मावित्या जाहल्या की, "अहो, दाढ उपटताना कधी थरथरता का? पेशंटकडे खांदा करून, मान वाकडी करून बघता का तोंडात? मग त्या भोकाशीच असं का वागता?"

साहेबांनी नव्या काठ्या कोपऱ्यात टाकिल्या. मग अडगळीतला साधा पटर उचलिला, भोकाकडे तोंड केले, कंबरेत वाकले, चेंडू उजव्या पायाबाहेर घेतला आणि सवयीने पुटपुटले, "आ करा." चेंडू आत गेला. पुन्हा गेला.

रविवारी अखेरच्या भोकापाशी मामला बरोबरीत आला. साहेब त्या अवतारात वाकताच व्याही खो खो हसून म्हणाले, "काय डॉक्टर, कीड लागली का त्याला?" साहेबांनी "आ करा" म्हटले आणि चेंडू टपकन पडला. आता व्याह्यांचा चेंडू वीतभर उरला. तो पडता तर डाव बरोबरीत सुटता. व्याह्यांनी लाडिक हसून पाहिले, खाकरून पाहिले. साहेब ढग मोजू लागले. मग व्याह्यांनी मारिला, तो चुकला.

येणेप्रमाणे फत्ते जाहली. पुढील रविवारी व्याही मैदानात आले ते भोकाकडे तोंड करून, कंबरेत वाकून उभे राहिले, आणि आजूबाजूस कोणी नाही ऐसे पाहून हळूच पुसते जाहले, "डॉक्टर, उजवा हात नक्की कुठे धरायचा?" साहेबांनी तो स्वहस्ते धरून दाखविला. हेच विजयपत्र, शिक्कामोर्तब असे.