समुद्राला वाळीत टाकण्याचा ठराव

ज्या गोष्टीवर सगळ्यांचा सारखा हक्क असतो, ती वाचवण्याची पाळी नेहमी शेजाऱ्याची असते. हे सत्य माणसाला फार पूर्वीपासून ठाऊक होतं. पण त्याला कार्यपद्धतीचं रूप देण्याचा मान संयुक्त उपसागर व किनारा संसाधन समन्वय मंडळाकडे जातो. एकाच उपसागराच्या काठावरच्या चार शहरांनी मिळून हे मंडळ काढलं होतं. बैठका दुसऱ्या मजल्यावर, समुद्राकडच्या खिडक्या लावून घेऊन होत (वाऱ्याने कागद उडतात).

मंडळाच्या संयोजकबाई सहमतीच्या शास्त्रात तयार झालेल्या होत्या. कोणाला दुखवायचं नाही, सगळ्यांना गोल करून बसवायचं आणि रंगीत चिठ्ठ्या वाटायच्या: पिवळीवर चिंता लिहा, हिरवीवर आशा. पहिल्या वर्षाच्या विश्लेषणानुसार चाळीस टक्के चिंता जेवणाच्या वेळेबद्दल होत्या, आणि आशाही साधारण तितक्याच. ठराव एकमतानेच व्हायला हवा, असा नियम होता. त्यामुळे आजवर एकही झाला नव्हता, आणि म्हणूनच सभासदांचे संबंध अतिशय सलोख्याचे होते.

बाईंना स्वतःला एकच गोष्ट हवी होती. उपसागराच्या तोंडाशी एक उथळ, गवताळ पट्टा होता, तिथे मासे अंडी घालत. तो दोन महिने निवांत राहावा, एवढंच. लहानपणी त्या पाण्यात ओंजळ बुडवली की पिल्लं बोटांना गुदगुल्या करायची. आता ओंजळीत नुसतं पाणी येई. यंदा पट्टा वाचला नाही तर पुढच्या वर्षी वाचवायला काही उरणार नव्हतं, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

पट्टा मोकळा सोडावा याबद्दल मंडळात दुमत नव्हतंच. जाळीवाल्यांचं म्हणणं, बंदराने गाळ उपसणं थांबवावं. बंदरसाहेबांचं म्हणणं, हॉटेलांनी सांडपाणी सोडणं थांबवावं. हॉटेलवाल्यांचे अध्यक्ष वाळूच्या ठेकेदाराकडे बघत, आणि ठेकेदार म्हणे, आधी जाळीवाल्यांनी जाळी गुंडाळावीत. (गोल करून बसवण्याचा हा फायदा आहे. बोट दाखवायला प्रत्येकाला हाताशी शेजारी मिळतो.)

जाळीवाल्यांचा प्रतिनिधी म्हणजे बाईंचा सख्खा थोरला भाऊ. सभेत तो त्यांना मॅडम म्हणे आणि घरी वेडाबाई.

"दादा, निदान तू तरी सुरुवात कर ना," बाईंनी घरी त्याला विनवलं.

"मी थांबलो तर माझ्या वाटचे मासे दुसरा नेईल," दादा म्हणाला. "सगळे थांबले ना, की मी सगळ्यात आधी थांबतो बघ."

तेव्हा बाईंना एक युक्ती सुचली. प्रत्येक संबंधित घटकाला मंडळावर स्थान हवं, असं नियमावलीतच होतं. मग समुद्र हा संबंधित घटक नाही का? कोणाचीच हरकत नव्हती (खुर्ची एक जास्तीची होतीच). पुढच्या बैठकीपासून गोलात एक रिकामी खुर्ची आली, तिच्यापुढे 'समुद्र' अशी पाटी लागली आणि चहाचा कपही ठेवला जाऊ लागला. तो कप ठेकेदार पीत असे. रिकाम्या खुर्चीकडे बघून तरी यांना लाज वाटेल, अशी बाईंची समजूत होती. लाज कोणाला वाटली नाही. खुर्चीवर बंदरसाहेब आपली बॅग ठेवू लागले.

समुद्र सलग तीन बैठकांना गैरहजर राहिला. बंदरसाहेबांनी नियम अकराकडे लक्ष वेधलं: सबळ कारणाशिवाय तीनदा गैरहजर राहणाऱ्याचं सभासदत्व रद्द होतं. समुद्राला बाजू मांडण्याची संधी देण्यात आली. शिपाई किनाऱ्यावर गेला, त्याने नोटीस मोठ्याने वाचली आणि वाळूवर ठेवली. लाट आली आणि नोटीस घेऊन गेली. (पोच मिळाल्याची नोंद झाली.) तरीही समुद्र आला नाही, आणि त्याचं नाव कमी करण्यात आलं.

त्यानंतर मंडळात जे चैतन्य संचारलं ते अपूर्व होतं. गोलाबाहेरचं कोणीतरी प्रथमच हाती लागलं होतं. मासे कोणाचे कमी झाले? समुद्राचे. गाळ कोण साचवतो? समुद्र. सांडपाणी पोटात ठेवून न घेता परत किनाऱ्यावर कोण आणून टाकतो? एकेक मुद्दा निघत गेला तसे सभासद एकमेकांना टाळ्या देऊ लागले, आणि समुद्र दोषी असल्याचा ठराव एकमताने मंजूर झाला. दादाने तर दोन्ही हात वर केले.

बाईंना आधी रडू येणार होतं. पण त्या उभ्या राहिल्या आणि अगदी थंडपणे म्हणाल्या, "दोष सिद्ध झालाय, तर शिक्षाही व्हायला हवी. माझी सूचना आहे की समुद्राला दोन महिने वाळीत टाकावं. त्याच्याकडे जायचं नाही, त्याला काही द्यायचं नाही, त्याच्याकडून काही घ्यायचं नाही."

"फक्त दोनच महिने?" ठेकेदाराने विचारलं. त्याला शिक्षा सौम्य वाटत होती.

अंमलबजावणीत चारही शहरं हिरिरीने उतरली. बंदरसाहेबांनी उपसा यंत्र काठावर ओढून घेतलं. 'आपल्याकडचा थेंबसुद्धा त्याला मिळता कामा नये' म्हणत हॉटेलवाल्यांनी सांडपाण्याचे पाइप बंद करून ते शुद्धीकरणाच्या टाकीकडे वळवले. टाकी आपल्याकडे आहे, हे त्यांना त्या निमित्ताने कळलं. ठेकेदाराने समुद्राच्या वाळूला हात लावणं कमीपणाचं मानलं. दादाने होडी चढावर आणून पालथी घातली आणि तिच्यावर समुद्राकडे पाठ करून बसू लागला. किनाऱ्यावरच्या बागेतले सगळे बाक उलटे फिरवण्यात आले. मोठ्या भरतीला पाणी पायऱ्यांपर्यंत आलं, तेव्हा 'मनधरणीचा प्रयत्न. दाद दिली नाही' अशी नोंद झाली.

पाचव्या आठवड्यात बाई चपला हातात घेऊन एकट्याच पट्ट्यावर गेल्या. ओंजळ बुडवली आणि बोटांना गुदगुल्या झाल्या. पुन्हा बुडवली, पुन्हा झाल्या. मग त्या पाण्यातच बसल्या आणि खो खो हसत सुटल्या. पिल्लं अजून नखाएवढीच होती. आणखी तीन आठवडे मिळाले असते, तर ती खोल पाण्यात निघून गेली असती.

सहाव्या आठवड्यात मासळीबाजारात दादाच्या बायकोच्या रिकाम्या गाळ्यासमोर एक सभ्य व्यक्ती कापडी पिशवी घेऊन उभी राहिली.

"काहीच नाही का?"

"समुद्राला वाळीत टाकलंय ना," वहिनी म्हणाल्या.

"हो, वाचलं मी. फार स्तुत्य उपक्रम आहे, चालूच राहायला हवा. पण आज घरी पाहुणे आहेत हो. एवढ्यापुरतंच बघा काहीतरी."

वहिनींनी नकार दिला. पण तेवढ्यात दुसरी पिशवी आली, मग तिसरी. त्या आठवड्यात चारही शहरांत लोकसंख्येपेक्षा पाहुणे जास्त होते. प्रत्येकाचा उपक्रमाला मनापासून पाठिंबा होता आणि प्रत्येकाला एकदाच हवं होतं. शेवटी दादाने होडी सरळ केली. लांब जायची गरजच नव्हती, मासे पट्ट्यावरच होते. होडी गेली म्हणून यंत्र गेलं, यंत्र गेलं म्हणून पाइप उघडले, आणि ठेकेदाराचे ट्रक तर चालू इंजिनानेच उभे होते.

बाई पुन्हा पट्ट्यावर गेल्या, तेव्हा ओंजळीत नुसतं पाणी आलं. या वेळी मात्र त्या रडल्या, आणि ते लपवलंही नाही.

बहिष्कार मोडणारी पहिली व्यक्ती कोण, हे शोधायला मंडळाने उपसमिती नेमली आहे. वहिनींनी दिलेलं वर्णन पुढीलप्रमाणे: वागायला सभ्य, समुद्राविषयी अपार कळकळ, वाचनाची आवड, मंडळाच्या या साऱ्या कारभाराची हकिकत सांगितली, तेव्हा मध्ये मध्ये छान हसलीदेखील. बाईंचा तिच्यावर राग नाही. भेट झालीच तर त्यांना एकच विचारायचं आहे, आणि आता अनायासे आपण इथपर्यंत आलाच आहात, तर विचारूनच टाकतो.

पाहुण्यांना आवडले ना मासे?