मर्लचा हमखास उपाय

गवत कापता कापता हॉलिस एकदम मशीन टाकून घराकडे पळत सुटला, तेव्हा त्याची बायको आर्लीन स्वयंपाकघरात सॅलडसाठी बटाटे सोलत होती. तो धाडकन दार उघडून आत आला आणि स्वतःच्याच पोटऱ्यांवर चापट्या मारत टेबलाभोवती नाचला.

"गांधीलमाश्या! मेपलच्या झाडाखाली जमिनीत बीळ केलंय मेल्यांनी!"

"आणि परवा आपण टेबलं तिथेच मांडणार आहोत," आर्लीन म्हणाली. रविवारी नातीचा बाप्तिस्मा होता. चर्चमधून अर्धं गाव जेवायला येणार होतं. "औषध मार."

"त्याच गवतात पोरं लोळणार, आर्लीन. थांब, मर्लला विचारतो."

मर्ल हा आर्लीनचा थोरला भाऊ. त्याला काही विचारायची वेळ येऊ नये, म्हणून ती नळदुरुस्तीपासून गाडीचं तेल बदलण्यापर्यंत सगळं स्वतः शिकली होती. पण हॉलिसने फोन उचललाही होता.

"हात्तिच्या, एवढंच?" मर्ल आल्या आल्या म्हणाला. "संध्याकाळी बिळावर काचेचं भांडं पालथं घालायचं. त्यांना बाहेरचा उजेड दिसतो, वाट मोकळी वाटते. दुसरं बीळ खणायचं त्यांना सुचतच नाही. हमखास उपाय!"

"भांडं कोणाचं?" आर्लीनने विचारलं. पण तिचं सरबताचं भांडं घेऊन दोघं अंगणात पोचलेही होते.

शनिवारी सकाळी भांड्याखाली गांधीलमाश्या नुसत्या धुमसत होत्या, आणि हातभर अंतरावर नवं बीळ होतं.

"सुचलं की रे त्यांना," आर्लीन म्हणाली.

"या जरा जास्तच आगाऊ निघाल्या," मर्ल दुखावल्या सुरात म्हणाला.

"माझं भांडं आणा आता."

दोघंही मेपलची पानं बघू लागले.

रविवारी सकाळी मर्ल गॅरेजमधला मोठा व्हॅक्यूम क्लीनर घेऊन आला. स्वयंपाकघरातून वायर ओढली, काठीने ढकलत नळीचं तोंड नव्या बिळाला लावलं आणि बटण दाबलं. आणि उपाय चक्क लागू पडला! नळीत लाह्या फुटाव्यात तसे आवाज येऊ लागले.

"बघ, बघ आर्लीन! तू म्हणजे कधी विश्वास ठेवत नाहीस!"

"आणि बंद केल्यावर?"

"बंद केल्यावर काय?"

"बंद केल्यावर त्या आतच बसून राहणार आहेत का?"

मर्लने बटणाजवळचा हात मागे घेतला. मग म्हणाला, "तूर्त बंद करायचंच नाही."

म्हणून मशीन तसंच घरघरत ठेवून सगळे चर्चला गेले. पास्टरबाई बाळाच्या कपाळावर पाणी घालत असताना हॉलिस आर्लीनच्या कानाशी लागला. "मोटर जळेल का गं?"

"पुढे बघ," ती दात आवळून म्हणाली.

घरी परतल्यावर टेबलं आत ओढावी लागली. हॅमची सँडविचं पियानोवर गेली, केक धुण्याच्या मशीनवर. मागच्या अंगणातल्या घरघरीमुळे दर वाक्य दोनदा बोलावं लागत होतं, आणि मर्ल एकेका पाहुण्याला खिडकीशी नेऊन हवेच्या दाबाबद्दल ओरडून समजावत होता.

"मर्ल!" आर्लीनचा धीर सुटला. "आत्ताच्या आत्ता ते बंद कर. नाहीतर मी तुला त्या बिळात घालीन."

"करतोय ना! मोटर चालू असतानाच नळीत मोजा कोंबायचा आणि मग बटण दाबायचं. मोटर चालू आहे तोवर एकही बाहेर येत नाही. हॉलिस, चल!"

दोघं गेले. एका पायात मोजा, एक पाय उघडा अशा थाटात मर्ल बिळापाशी गुडघ्यांवर बसला. इकडे पाहुणे कॉफीशिवाय ताटकळलेले. मिनेसोटात यजमानाला याहून मोठी लाज नाही. आर्लीनने कॉफीचं विजेचं मोठं भांडं भरलं, पिन व्हॅक्यूमच्या पिनेशेजारी खुपसली आणि बटण दाबलं.

फ्यूज उडाला. स्वयंपाकघरातले दिवे गेले. फ्रिज थांबला. आणि सकाळपासून पहिल्यांदाच अंगणात शांतता पसरली.

"अरे वा, जमलं की त्यांना!" पास्टरबाई म्हणाल्या.

तेवढ्यात मर्लची किंकाळी आली. खिडकीतून दिसलं ते एवढंच: हॉलिस पुढे, अर्धवट अनवाणी मर्ल मागे, दोघं पिकअपकडे धावताहेत. दारं आपटली. काचा वर गेल्या. काचांवर गांधीलमाश्या बसल्या.

आर्लीनने कॉफीचं भांडं उचलून बैठकीच्या खोलीतल्या प्लगला लावलं. तिथे वीज होती. कॉफी झाली, सगळ्यांना पुरली. कॉफी कशी करायला हवी होती हे कोणी सांगितलं नाही. एल्सीमावशीची गोष्ट मध्ये कोणी न तोडता शेवटापर्यंत पोचली. बाळ झोपलं. आर्लीन शुक्रवारपासून पहिल्यांदा खुर्चीत बसली.

बाहेर हॉर्न वाजला. मग पुन्हा वाजला, जरा केविलवाणा.

"आर्लीन, माझा पुतण्या गांधीलमाश्या काढायचंच काम करतो," पास्टरबाई हळूच म्हणाल्या. "फोन केला तर लगेच येईल. बिचारे दोघं..."

आर्लीनने पडदा सारला. गाडीत मर्ल हातवारे करकरून काहीतरी समजावत होता. हॉलिसने कपाळ स्टिअरिंगवर टेकलं होतं.

"रविवारी कशाला बिचाऱ्याला घाईला लावायचं?" ती म्हणाली आणि कपात आणखी कॉफी ओतून घेतली. "जेवून-बिवून, सावकाश येऊ दे."