दत्तरावांचा ओटीपी

परमेश्वर गडदेला जाग आली तेव्हा गाडी पालमच्या बसस्टँडवरून वळत होती. समोरची पाटी वाचून तो सीटवर ताठ बसला.

"आपण पेडगावला जाणार होतो ना?" त्याने जमेल तितक्या सहज विचारलं.

"पेडगावात आज लगीन हाय, सर," गाडी चालवणारा सिद्धोधन म्हणाला. सिद्धोधन परभणीचा. शेळ्यांच्या कानात विम्याचे बिल्ले मारायचं काम त्याच्याकडे होतं. "समदं गाव मांडवात. मनून मनलं, आज खोरसवाडी उरकून घिऊ. शेळ्यामेंढ्यावाल्यांचीच वस्ती हाय. लय चांगली माणसं."

खोरसवाडीची चांगली माणसं परमेश्वरला ठाऊक होती. त्यातली दोन त्याचे आईवडील होते.

मागच्या सीटवरून निकिता म्हणाली, "बरं झालं की. नवीन गाव बघायला मिळेल. काय रे परम?"

परम हे नाव पुण्यातलं. तीन वर्षांपूर्वी तो विमा कंपनीच्या ऑफिसात नवा असताना कँटीनमध्ये कुणीतरी हाक मारली आणि त्याने "यायलोय, थांबा!" असं उत्तर दिलं. सगळं टेबल हसलं. पुढे महिनाभर "परमेश्वर यायलाय", "परमेश्वर जेवायलाय" असं चाललं. त्यात वाईट हेतू कुणाचाच नव्हता, पण परमेश्वरने तेव्हापासून प्रत्येक वाक्य तोंडात दोनदा घोळवून मगच बाहेर काढायला सुरुवात केली. दुसऱ्या वर्षी निकिता ऑफिसात आली तोपर्यंत त्याची भाषा इतकी स्वच्छ झाली होती की ती त्याला सदाशिव पेठेतलाच समजली. त्याने फार खोटं सांगितलं नाही. घर परभणीत आहे म्हणाला, फक्त जिल्हा हा शब्द गाळला. वडील पशुधन क्षेत्रात आहेत म्हणाला. निकिताने मनातल्या मनात त्यांना मोठा अधिकारी करून टाकलं आणि त्याने करू दिलं. दोघांचं जमल्यावर त्याच्या घरच्यांना भेटायचा विषय निघाला की तो म्हणायचा, "बाबा सारखे फिरतीवर असतात." हेही खरंच होतं. दत्तराव रोज सकाळी चाळीस शेळ्या घेऊन फिरतीवर निघत.

आता गाडी त्याच क्षेत्राकडे चालली होती.

"माझं पोट दुखतंय," परमेश्वर म्हणाला. "मी पालमलाच थांबतो."

"मंग तर खोरसवाडीच बरी," सिद्धोधन म्हणाला. "पयल्याच घरी म्हाळसाबाई हायत. ओव्याचं पाणी करून देत्याल. फिकीर करू नका."

म्हाळसाबाई म्हणजे परमेश्वरची आई. त्याने गॉगल चढवला आणि रुमाल नाकापर्यंत बांधला. निकिताने विचारलं, तेव्हा उन्हाची ॲलर्जी आहे म्हणाला. ज्या उन्हात तो अठरा वर्षं अनवाणी हिंडला होता, त्याच उन्हाची.

गाडी लिंबाखाली थांबली. म्हाळसाबाई शेळ्यांच्या वाड्यातल्या लेंड्या झाडत होत्या. गाडीतून उतरणारा रुमालवाला त्यांनी चालीवरूनच ओळखला. हातातला खराटा खाली पडला.

"आरं परम..."

परमेश्वरने मान हलवली. अगदी थोडी, डावीकडून उजवीकडे. म्हाळसाबाई थांबल्या. त्यांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा त्याच्यामागून उतरणाऱ्या जीन्समधल्या मुलीकडे पाहिलं. मग पदर सावरला.

"परमेश्वरानंच धाडलं तुमाला," त्या म्हणाल्या. "लय ऊन हाय. या साहेब, बसा. पाणी घ्या."

तांब्या त्याच्यापुढे आला. तो घेताना आईच्या हाताला त्याचा हात लागला आणि सवयीने तोंडातून निघालं, "थँक्यू, मावशी."

हे शब्द बाहेर पडले आणि त्याला ते परत गिळावेसे वाटले. त्याने तांब्या तसाच खाली ठेवला.

घरचं कुत्रं कुठूनसं धावत आलं, त्याच्याभोवती तीन चकरा मारून त्याच्या बुटांवर आडवं पडलं आणि शेपटीने धूळ उडवू लागलं.

"कुत्र्यांना तू फारच आवडतोस रे," निकिता म्हणाली.

"आमचं कुत्रं बावळट हाय," म्हाळसाबाई घाईने म्हणाल्या. "कुनाच्या बी पायात लोळतंय."

सिद्धोधन बिल्ल्यांची पेटी उघडायला गेला. निकिता ओट्यावर म्हाळसाबाईंशेजारी बसली. तिला लोकांशी बोलायची हौस होती, आणि म्हाळसाबाईंना तर कितीतरी दिवसांत बोलायला कुणी मिळालं नव्हतं.

"मुलंबाळं काय तुम्हाला?"

"एक लेकरू हाय. पुण्यातच असतंय. तुमच्याच वयाचं."

"हो? काय करतो?"

"काय की बाई. कंप्युटरवर काईतरी करतंय. फोन केला की धड बोलत न्हाई. 'हां, ओके, नंतर करतो' एवडंच. मला वाटतंय साहेबलोक बाजूला बसत्याल, बोलू देत नसत्याल त्याला."

"असे कसले साहेब!" निकिता चिडली. "ऐकलंस का परम? आईशी बोलू देत नाहीत."

परमेश्वर रुमालाआड खोकला. हे फोन तो ऑफिसच्या जिन्यात जाऊन घ्यायचा आणि निकिताला क्लायंटचे म्हणून सांगायचा.

"लहानपणी कसा होता?" निकिताने विचारलं.

"लय भित्रा. पाचवीपतुर बोकडाला भ्यायचा. बोकड दिसला की माझ्या लुगड्यात! एकदा तर दिवसभर सापडंना. समदी वस्ती हिरी धुंडायली. अन् हे गुमान करडं झाकायच्या डालग्यात झोपलेलं. दोन करडं खाली, एक उशाला." म्हाळसाबाई हसता हसता थांबल्या. "उचललं तर मनतंय कसं, आई, हितंच ऱ्हाऊ दे मला."

निकिता डोळे पुसून हसली. "नाव काय त्याचं?"

म्हाळसाबाईंनी क्षणभर परमेश्वरकडे पाहिलं. आजच्या आधी जन्मात त्यांनी कुणाला खोटं सांगितलं नव्हतं.

"बबलू," त्या म्हणाल्या.

परमेश्वरला वाटलं, उडी टाकायला विहीर धुंडायची वेळ आता आली आहे.

तेवढ्यात शेळ्यांचा कळप घेऊन दत्तराव आले. ते काही बोलण्याआधीच म्हाळसाबाई पुढे झाल्या. "अवं, पुण्याचे साहेब आलेत. बिल्ले मारायला."

दत्तरावांनी काठी टेकून साहेबांना नीट पाहिलं. बूट, इस्त्रीची पँट, गॉगल, रुमाल. बायकोच्या चेहऱ्याकडेही पाहिलं. मग डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली आणि म्हणाले, "रामराम, साहेब."

वडिलांना आपल्यासमोर टोपी काढताना परमेश्वरने कधी पाहिलं नव्हतं. त्याने गॉगल नाकावर आणखी वर सरकवला.

निकिताने टॅबलेटवर फॉर्म उघडला. गाव, शेळ्यांची संख्या, मालकाचं नाव. "दत्तराव गडदे," ती टाइप करत म्हणाली. "अरे, तुझंही आडनाव गडदेच की."

"ह्या भागात लई गडदे हायत," सिद्धोधनने परस्पर सांगितलं. परमेश्वरला त्याच्या गळ्यात पडावंसं वाटलं.

"मोबाइल नंबर सांगा, काका."

दत्तरावांनी डोळे मिटले आणि पाढा म्हणावा तसा दहा आकडी नंबर म्हणून दाखवला. निकिताने तो टॅबलेटवर घातला. "आता या नंबरवर सहा आकडी ओटीपी येईल. फोन कुठंय?"

"पोराकडं. आधारला, बँकेला, समद्याला त्याचाच नंबर दिल्याला हाय. आमाला कुटं वाचता येतंय?"

परमेश्वरच्या खिशात फोन थरथरला. कुत्र्याने मान वर केली.

"ऱ्हाऊ द्या बाई," म्हाळसाबाई म्हणाल्या. "पुन्हा कदी करू."

"पुन्हा कशाला?" दत्तराव म्हणाले. "त्याला फोन लावा की. आकडे सांगंल. तेवडं तर बोलंल बापाशी."

निकिताने स्वतःचा फोन काढला आणि दत्तरावांना नंबर पुन्हा म्हणायला लावून एकेक आकडा दाबला. दहावा आकडा दाबला तशी ती थबकली. पडद्यावर तिने स्वतःच जपून ठेवलेलं नाव उमटलं होतं: परम. तिचा अंगठा अभावितपणे कॉलच्या बटणावर पडला.

परमेश्वरच्या खिशात मोठ्याने रिंग वाजू लागली.

निकिता कधी पडद्याकडे, कधी त्याच्या खिशाकडे पाहू लागली. शेवटी सिद्धोधनलाच राहवलं नाही. "सर, तुमचा फोन वाजायलाय."

परमेश्वरने गॉगल काढला. रुमाल सोडला. फोन बाहेर काढून रिंग बंद केली. मग पडद्यावर जे होतं तेच त्याने वाचलं.

"चार... शून्य... सात... सात... एक... नऊ."

निकिताने मान खाली घालून आकडे भरले. टॅबलेटवर हिरवी खूण आली.

"जमलं का?" दत्तरावांनी विचारलं. "मंग मारा बिल्ले."

ते टोपी डोक्यावर घालून कळपाकडे वळले. परमेश्वरला त्यांनी हाक मारली नाही, की रागाने पाहिलंही नाही. ते दोन शब्द रागावून बोलले असते तर त्याला बरं वाटलं असतं.

निकिता हळू आवाजात म्हणाली, "तू गावाकडचा आहेस हे कळलं असतं तर मी काय केलं असतं रे? फार तर एक दिवस चिडवलं असतं. पण तू आईला मावशी म्हणालास. आणि मी शेजारी बसून हसत होते."

"निकिता, ऐक तर..."

"वरडू नका बाई त्याला," म्हाळसाबाई मधे पडल्या. "लाजलं लेकरू. मी बी एकदा लाजले व्हते. ह्याला शाळेत बक्षीस मिळायचं व्हतं, मला बी बोलिवलं, तर लुगडं फाटकं मनून गेलेच न्हाई. ह्येनं वाट बगितली दिसभर."

परमेश्वरला ते बक्षीस आठवत होतं. आई का आली नाही हे त्याला आजच कळलं.

परतीच्या वाटेवर निकिता पुढे सिद्धोधनशेजारी बसली. परमेश्वर मागे, बिल्ल्यांच्या पेटीजवळ. दोन दिवसांनी तो पुण्याला गेला. निकिताला काम संपेपर्यंत दीड महिना परभणीत राहायचं होतं. त्याने तिला लांबलचक माफीचे अकरा मेसेज पाठवले. एकाला उत्तर आलं: "फॉर्म क्रमांक ११२ मध्ये शेळीऐवजी मेंढी पडलीय. दुरुस्त कर."

तिसऱ्या आठवड्यात दुपारी आईचा फोन आला. तो कँटीनमध्ये होता. जिन्याकडे जायला उठला, मग परत खाली बसला.

"बोल की आई. जेवायलोय मी."

शेजारच्या टेबलावरून कुणीतरी खुसखुसलं. परमेश्वरचे कान तापले, पण त्याने आवाज कमी केला नाही.

"निकिता आलती आईतवारी," म्हाळसाबाई म्हणाल्या. "त्याच्या मागल्या आईतवारी बी आलती. शेळी पिळायला शिकायलीय. लय लाथा खायलीय बिचारी."

"माझ्याबद्दल काई मनली का?"

"काई न्हाई. मीच मनलं, माझं लेकरू वाईट न्हाई. तर मनली, मावशी, ते मला बघू द्या."

परमेश्वरने त्या शुक्रवारी रजेचा अर्ज टाकला. शनिवारी रात्रीची बस, मग परभणीहून पालमची एसटी, आणि पुढचं सगळं पायी. तो पोचला तेव्हा निकिता डोक्याला म्हाळसाबाईंच्या जुन्या लुगड्याचा तुकडा बांधून एका काळ्या शेळीपुढे पातेलं घेऊन बसली होती. तिने त्याच्याकडे पाहिलं आणि परत शेळीकडे पाहिलं. आई चुलीपाशी होती. तिने नुसतं हसून चहाचं आधण वाढवलं.

रस्त्याने शेजारचे पंडिततात्या चालले होते. तीन वर्षांत त्यांनी परमेश्वरला धड पाहिलंच नव्हतं. ते कुंपणाशी थांबले.

"निकिता, आज लवकर आलीस गं! अन् हे पाव्हणे कोन?"

"त्यांनाच विचारा, तात्या," निकिता मान वर न करता म्हणाली.

परमेश्वरने वाक्य तोंडात एकदाही घोळवलं नाही. "पाव्हणा न्हाई, तात्या. मी परमेश्वर हाव. दत्तरावाचा. हितलाच."

"आस्सं व्हय? मनलं, बँकेचा मानूस आला का काय," असं म्हणत तात्या निघून गेले.

 मग निकिताने पातेलं बाजूला सरकवून जागा केली. "ये. मागचे पाय धर हिचे. तुला येतं म्हणे."

परमेश्वर इस्त्रीच्या पँटीत लेंड्यांमध्ये बसला. तीन वर्षांत हात अवघडले होते, पकड सुटली. शेळीने सणकून लाथ मारली, ती थेट त्याच्या नडगीवर बसली. निकिता खुदकन हसली. त्याच्यासमोर तीन आठवड्यांत ती पहिल्यांदा हसली होती, म्हणून परमेश्वरने पाय तिथून मुळीच हलवला नाही.