हातांवरचे 'ते'

"आजी, ते न दिसणारे असतात ना, ते आपल्या हातांवर राहतात. हजारो! जेवताना पोटात शिरतात, मग लेकरं आजारी पडतात," शाळेतून आलेल्या नगातने दारातच सांगून टाकलं.

हज करून आलेल्या म्हणून गाव ज्यांना हाजा म्हणतं, त्या हाजा बदरिया कबुतराची पिसं काढत बसल्या होत्या. कबुतर हातातून गळून पडलं. आमच्या इजिप्तमधल्या मिन्या भागातल्या खेड्यांत 'ते' म्हणजे कोण, हे कुणी विचारत नाही. मोरीत गरम पाणी ओतताना आम्ही आधी बिस्मिल्ला म्हणतो, खाली राहणाऱ्या एखाद्या जिनाला चटका बसला तर घराची धडगत नसते. त्यात नऊ महिन्यांचा नातू यासीन दोन दिवस जुलाबांनी मलूल पडला होता.

"कोण म्हणालं असं?"

"आरोग्य केंद्रातल्या इकरामबाई. साबणाने पळतात म्हणाल्या."

"अगं बाई! म्हणजे सरकारलाही कळलंय!"

झालं. म्हातारीने घर डोक्यावर घेतलं. कोपरापर्यंत साबण लावल्याशिवाय यासीनला कुणी शिवायचं नाही. शेतातून आलेला मुलगा साबिर पोराला घ्यायला वाकला, तर ओरडल्या, "लांब हो! पोरात त्यांना सोडतोस का?" बिचारा हात वर करून उभाच राहिला. धुपाटणं घेऊन झाडफूक करायला आलेल्या उम्म फौझीने थुंकी लावलेला अंगठा बाळाच्या कपाळाकडे नेला मात्र, हाजांनी तिला दंडाला धरून नळावर नेलं.

"अगं, मी जिन उतरवते!"

"आधी स्वतःचे उतरव!"

संध्याकाळपर्यंत गावातल्या दुकानात साबणाची वडी उरली नाही. पोरं तर इतकी धास्तावली, की नगात स्वतःच्याच हातांकडे बघून रडायची.

आठवड्यात यासीन बरा होऊन रांगायला लागला, आणि गावभर चाललेली जिनांची चर्चा इकरामबाईंच्या कानावर गेली. नोकरी जाते की काय, या भीतीने बाई धावतच आल्या.

"हाजा, कसले जिन हो? जंतू असतात ते! बारीक किडे. अल्लाची शपथ, दुसरं काही नाही."

"जिन नाहीत?" हाजांनी सुटकेचा निःश्वास टाकला. "मेले किडेच ना? मी उगाच आठ दिवस कातडी सोलून घेतली!" असं म्हणत त्यांनी नुकत्याच खुराडं झाडलेल्या हाताने भाकरीचा तुकडा मोडला. यासीनने आ वासला.

इकरामबाई ओरडल्या, "थांबा, हाजा!"

"का गं पोरी?"

बाईंनी तो हात पाहिला, ते उघडं तोंड पाहिलं. अकरा वर्षं त्या जंतूंवर भाषणं देत होत्या, एकाही म्हातारीने कधी मनावर घेतलं नव्हतं. त्या हाजांच्या कानाशी वाकल्या आणि कुजबुजल्या, "सगळ्यांदेखत त्यांचं नाव घ्यायचं नसतं, म्हणून किडे म्हटलं."

हाजांचा हात वाटेतच थिजला.

"मग असं आधी नाही का सांगायचं, भवाने!" म्हणत त्या साबण घ्यायला पळाल्या.