रंगवलेलं शेवाळं

चहाघराच्या चारही भिंतींवर सारखंच शेवाळं होतं. खरं शेवाळं सावलीची बाजू धरतं. हे रंगवलेलं होतं. ऑस्ट्रेलियातल्या वॉलॉंगॉंगजवळच्या डोंगरावर पर्यटकांसाठी उभारलेल्या त्या 'इंग्लिश खेड्यात' टेलिफोनची लाल पेटी, बदकांचं तळं, चर्चचं बंद घड्याळ, सगळं होतं. पुण्याहून येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला सलिल इथेच आणायचा.

"बघ मावशी, इंग्लंडला जायची गरजच नाही!"

त्याची बायको चित्रलेखा तळ्याकाठच्या टेबलाशी बसून चहा ओतत होती. इंग्लंडमधल्या एका प्रयोगशाळेने तिला नोकरी देऊ केली होती आणि आज संध्याकाळपर्यंत उत्तर हवं होतं. सलिल कित्येक आठवडे नुसतं 'बघू' म्हणत होता.

शोभामावशींना चहाबरोबरचा स्कोन नावाचा इंग्लिश पाव कोरडा लागला. त्यांनी पिशवीतून धपाटी आणि ठेचा काढला. बाहेरचे पदार्थ आणू नयेत, अशी पाटी समोरच होती.

"टेबलाखाली धरून खा गं. कुणाला कळतंय?" सलिल म्हणाला.

बदकाला कळलं. त्याने मावशींच्या हातातलं धपाटं ओढून नेलं आणि पुन्हा येऊन उभं राहिलं.

"थांब, ठेचा लावून देतो. तोंड भाजलं की पळेल."

"पक्ष्यांना मिरचीचं तिखट लागत नाही," चित्रलेखा म्हणाली.

"तुझी थिअरी नको मध्ये!"

सलिलने ठेचा थापलेलं धपाटं टाकलं. बदकाने ते चवीने संपवलं. मग सगळं तळंच चालत आलं.

"अगं बाई, ही तर कोल्हापूरची निघाली!" मावशी खुर्चीवर चढल्या. चढताना पदरात टेबलक्लॉथ अडकला. किटली आडवी झाली, कप फुटले, शेजारच्या आजोबांच्या मांडीवर जॅम गेला.

फ्रिलची टोपी घातलेली मालकीण धावत आली.

"सॉरी हं, वाइफने बोर्ड वाचला नाही," सलिल तिला इंग्रजीत म्हणाला.

मालकिणीने चित्रलेखाकडे पाहिलं आणि पुन्हा येऊ नका, असं सांगितलं. चित्रलेखा खाली बसून कपाचे तुकडे वेचू लागली. तिला कुणी थांबवलं नाही.

गाडीत सलिल चिडलेलाच होता. "तू डबा आणूच द्यायला नको होतंस. आता पाहुण्यांना इंग्लंड कुठलं दाखवू?"

"खरं दाखव," चित्रलेखा म्हणाली. "मी ती नोकरी घेतेय. एकटी जातेय."