पडली, की पाया पडली?

एका जंगलात, चढता चढता वाऱ्यालाही दम लागावा इतक्या उंचावर, एक तळे होते. मुलांनो, सरसावून बसा आणि चित्त देऊन ऐका. हे तळे वर्षातले पाच महिने गोठलेले असे. त्या काळात त्याच्यावरून चालता येई, घसरता येई, आणि अंग हलके असेल तर नाचताही येई.

तळ्याच्या काठी शरावती नावाची पाणमांजर राहत असे. तिला तरला नावाची एकुलती एक मुलगी होती. तरला चालायला शिकण्यापूर्वीच घसरायला शिकली. बर्फावर एका पायाने ती गिरकी घेई, तेव्हा काठावरची हरणे तोंडातला घास चघळायचे विसरत.

शरावतीने मुलीला एकच नियम घालून दिला होता. बर्फावर पाऊल ठेवण्यापूर्वी दोन्ही हात बर्फाला टेकायचे आणि मग कपाळाला लावायचे.

"का गं आई?" तरलाने विचारले.

"खाली पाणी झोपलंय. वर्षभर तेच आपल्याला जेवू घालतं. त्याच्या छातीवर पाय देणार आपण. आधी क्षमा नको मागायला?"

तरलाला ते पटले. ती हात टेकी, "येते हं" असे पाण्याला सांगे आणि निघे. पूजा तेवढीच. तिला मुहूर्त लागत नव्हता आणि प्रेक्षकही लागत नव्हते.

पुढे एकदा वनराज सिंह शेजारच्या राज्यात पाहुणचाराला गेले. पायांना पोलादी पाती बांधून बर्फावर नाचणारे प्राणी त्यांनी तेथे पाहिले. नाच संपल्यावर गळ्यात पडणारी पदकेही पाहिली. पदके पाहताच महाराजांच्या ठिकाणी कलेची आवड उत्पन्न झाली. परत येऊन त्यांनी हिमनर्तन महामंडळ स्थापन केले.

अध्यक्षपदी दिग्गजराव हत्ती आले. दिग्गजरावांनी जन्मात बर्फावर पाऊल ठेवले नव्हते. ठेवले असते तर तळे उरले नसते. त्यांची निवड एकमताने झाली.

मंडळाने पहिल्या बैठकीत तळ्याभोवती काटेरी कुंपण घातले. यापुढे बर्फावर केवळ यादीतले सात खेळाडू जातील, असे ठरले. उरलेल्या प्राण्यांनी कुंपणाबाहेर उभे राहून अभिमान बाळगावा. वर्षात तीन स्पर्धा होतील. तिन्हींचे गुण मिळवून जो शेवटी सातवा राहील, त्याचे नाव यादीतून कायमचे जाईल आणि त्याला बर्फही कायमचा बंद होईल. मात्र तिसरी स्पर्धा जो जिंकेल, त्याचे नाव आजन्म राहील.

तरलाचे नाव यादीत आले. पदकाचे तिला काही नव्हते. तिला बर्फ हवा होता. पण बर्फाकडे जाणारी वाट आता यादीतून जात होती.

यादीबरोबर शिक्षकही आले. जंबुकसर हे जातीचे कोल्हे. शेजारच्या राज्यात ते तीन दिवस राहून आले होते, म्हणून त्यांना या विद्येतले अधिकारी मानीत.

"उद्यापासून मासे बंद," सर म्हणाले. "दिवसाआड मूठभर शेवाळ."

"अहो सर, वाढतं अंग आहे पोरीचं," शरावती कळवळून म्हणाली.

"तेच तर थांबवायचंय, बाई."

मुलांनो, उपास ही वाईट गोष्ट नव्हे. उपासाने आत जागा होते आणि त्या जागेत नाम येऊन बसते. तरलाच्या पोटातही जागा झाली. तिच्यात वजनकाटा येऊन बसला.

पहिल्या स्पर्धेचा दिवस उगवला. तरला कुंपणाच्या आत गेली. नेहमीप्रमाणे तिने हात टेकले, कपाळाला लावले, "येते हं" म्हणाली आणि निघाली. उपाशी पोटी तिने आठ गिरक्या घेतल्या. एकीतही तिचा तोल गेला नाही. हरणांनी टाळ्या वाजवल्या.

निकाल लागला. तरला सातवी आली.

दिग्गजरावांनी नियमांचे पुस्तक उघडून कारण वाचून दाखवले. "कलम नऊ. स्पर्धकाचे हात बर्फाला टेकल्यास ते पतन समजावे. हात दोन. पतने दोन."

"अहो, ती पडली नाही!" शरावती कुंपणाबाहेरून ओरडली. "ती पाया पडली!"

दिग्गजरावांनी एक कान पुढे केला. "काय म्हणालात?"

"पाया पडली म्हटलं!"

"पडली, हे खुद्द आईच कबूल करते आहे," दिग्गजराव लेखनिक घुबडाला म्हणाले. "नोंद घ्या. पायावर पडली की पाठीवर पडली, हा वैद्यांचा विषय आहे. मंडळ त्यात लक्ष घालणार नाही."

घुबडाने नोंद घेतली.

जंबुकसर तरलाला बाजूला घेऊन म्हणाले, "नमस्कार घरी करून येत जा. देव्हाऱ्यापुढे. इथे नको."

"पण सर, पाय तर इथे द्यायचा असतो."

"उलट उत्तर देऊ नकोस. आणि उत्तर देताना हसत जा. परीक्षक बघतात."

दुसऱ्या स्पर्धेत तरलाने नमस्कार न करण्याचे ठरवले. ती काठावर आली. पाऊल उचलले. ते तिला पुढे टाकता येईना. सगळे वाट पाहू लागले. सर कुंपणाशी उभे राहून दात विचकत होते. शेवटी तिने डोळे मिटले, वाकली आणि हात टेकले.

तेव्हा एक गोष्ट घडली. झाडावरच्या एका म्हाताऱ्या वानराने हात जोडले. त्याचे पाहून हरणांनी माना लववल्या. हळूहळू सारा काठ नम्र होऊन उभा राहिला. कोणी सांगितले नव्हते, कोणी ठरवलेही नव्हते. अशा क्षणी देव जवळ येऊन उभा राहतो, असे जाणते सांगतात.

नेमके तेव्हाच वनराज डुलकीतून जागे झाले. समोर अवघी प्रजा हात जोडून उभी. महाराजांना वाटले, हे आपल्यालाच.

"फार सुंदर प्रथा!" ते म्हणाले. "सक्तीची करा."

मंडळ कामाला लागले. कलम नऊखाली 'भक्तिभावाने टेकल्यास वगळून' एवढे शब्द वाढवले गेले. आता भक्तिभाव मोजणे आले. शंभरांपैकी साठ गुण नमस्काराला ठेवले गेले. कंबर किती वाकली, पापणी किती ओलावली, ओठ किती थरथरले, याचे तक्ते तयार झाले. मार्गदर्शक म्हणून बगळ्याची नेमणूक झाली, कारण एका पायावर डोळे मिटून उभे राहण्याचा त्याचा अनुभव दांडगा होता.

हे सारे तिसऱ्या स्पर्धेपासून लागू होणार होते. दुसरीचा निकाल जुन्या कलमाने लागला आणि तरला पुन्हा सातवी आली. आता तिसरी जिंकणे किंवा कुंपणाबाहेर जाणे, एवढेच तिच्या हाती उरले.

बगळ्याने तिचा नमस्कार तपासायला घेतला. तरला वाकली, "येते हं" म्हणाली, उठली.

"साठपैकी चार," बगळा म्हणाला.

"चार?"

"ते चार वयाकडे पाहून दिले. झाला कधी, कळलंच नाही. डोळे कोरडे. आणि 'येते हं' काय? बाजारात निघालीस का? शिवाय परीक्षक पश्चिमेला बसतात आणि तू पूर्वेला तोंड करून वाकतेस. त्यांना नुसती शेपटी दिसते."

"पण बर्फ तर खाली आहे ना?"

"बर्फ गुण देत नाही, बाळ."

जंबुकसरांनी बावीस अंकांचा नमस्कार बसवला. सातव्या अंकाला मान कलायची. चौदाव्याला ओठ थरथरायचे. एकविसाव्याला डाव्या डोळ्यातून एक थेंब, कारण मान कलल्यावर डावा गाल परीक्षकांना दिसतो. बाविसाव्याला उठायचे. महिनाभर तरलाने दुसरे काही केले नाही. गिरक्यांना वेळ उरला नाही. त्यांना गुणही चाळीसच होते.

शरावती घरात बसून ते पाहत होती. एके सकाळी तिला राहवले नाही.

"सोड गं हे. आपण खाली नदीवर जाऊन राहू. मासे खा पोटभर."

"नदी गोठत नाही, आई," तरला म्हणाली आणि पुन्हा एकपासून सुरू झाली.

तिसऱ्या स्पर्धेला वनराज जागे राहिले. सशाने नमस्कारापूर्वी फुले उधळली. अस्वलाने लोटांगण घातले. ते घरंगळत पलीकडच्या कुंपणात जाऊन रुतले आणि त्याला ओढून काढावे लागले. मंडळाने त्याच्या उत्कटतेला पन्नास गुण दिले.

मग तरला आली. पश्चिमेकडे वळली. वाकली. सातव्याला मान कलली, चौदाव्याला ओठ थरथरले, एकविसाव्याला डाव्या गालावरून एक थेंब ओघळला. दिग्गजरावांनी सोंडेने डोळे टिपले. साठपैकी साठ.

त्यानंतर ती नाचली. भुकेले पाय होते, सरावही तुटलेला होता. पहिल्या गिरकीत ती पडली. तिसरीत पडली. पाचवीत अशी आपटली की बर्फाला तडा गेला. परीक्षकांनी ते पाहिले नाही. त्यांचे डोळे पुसणे चालू होते. न पाहिलेल्या नृत्याला त्यांनी चाळीसपैकी चाळीस गुण दिले.

तरला पहिली आली. तिचे नाव यादीत आजन्म कोरले गेले. गळ्यात पदक पडले. जंबुकसरांनी पदकाबरोबर आपली छबी काढून घेतली.

गर्दी पांगल्यावर तरला लंगडत कुंपणाशी आली. पलीकडे शरावती उभी होती. काट्यांमधून हात घालून तिने मुलीचा खरचटलेला पंजा धरला.

"राहिलीस गं तळ्यावर," ती म्हणाली. "झालं तुझ्या मनासारखं."

"हो."

शरावतीने पंज्यावरचा बर्फ झटकला. मग तिने हळूच विचारले, "वाकलीस तेव्हा पाण्याला काय म्हणालीस?"

"म्हणायचं कुठे असतं, आई?" तरला म्हणाली. ती हसत होती. सरांनी शिकवलेले हसू तिच्या तोंडावरून अजून उतरले नव्हते. "बोललं की अंक चुकतो."

तात्पर्य : मुलांनो, देव सर्वत्र असतो, त्यामुळे कोठेही तोंड करून उभे राहिलात तरी तो दुखावत नाही. परीक्षक मात्र एकाच बाजूला बसतात. म्हणून सुज्ञ मुलाने नमस्कार नेहमी त्याच बाजूला करावा.