बंदरवाडीवर येणारं वादळ

बंदरवाडी समुद्रकाठी नाही असं म्हणणं आता शासकीय धोरणाच्या विरुद्ध आहे. समुद्र इथून दीड दिवसाच्या प्रवासावर आहे, पण ती चूक समुद्राची. आमचं गाव देगलूरकडच्या माळावर. निजामाच्या काळी इथल्या चिंचांवर माकडं लई, म्हणून उर्दू बोलणाऱ्या कुण्या पटवाऱ्यानं गावाला बंदरवाडी म्हटलं. दुष्काळ पडला तशी माकडं निघून गेली. त्यांना अक्कल होती. आम्ही राहिलो.

त्यातच आमचा जिल्हा नवा झाला. आधी खुर्च्या आल्या, मागून टेबलं आली, पाऊस काही आला नाही. पहिलंच परिपत्रक आलं: जिल्ह्यातील बंदरांची चक्रीवादळापासूनची सुरक्षितता तपासून कळवावे. कोऱ्या करकरीत कार्यालयानं पहिल्याच उत्तरात 'निरंक' लिहायचं म्हणजे अपशकुनच. त्यांनी गावांची नावं चाळली आणि आम्ही सापडलो.

आमच्या पंच सरजाबाई टँकर मागायला गेल्या, तेव्हा हे कळलं. मी शाळामास्तर, अर्ज लिहून द्यायला सोबत होतो.

"सायेब, हिरीचं बूड दिसून राहिलंय. टँकर द्या."

आपत्ती निवारणाचे रेवणसिद्ध साहेब दुखावले. "मावशी, बंदराला पाणीटंचाई? वरचे मला वेड्यात काढतील. तुमच्याकडे समुद्र आहे."

"कुठं हाय?"

"तो विषय महसूलचा. माझ्याकडे फक्त वादळ आहे."

टँकर नामंजूर झाला आणि होडी आली. ती तरंगते का हे बघायला गावात पाणी नव्हतं, म्हणून ती तरंगते असं गृहीत धरण्यात आलं. कोरड्या तळ्यात सराव झाला. भर उन्हात सगळ्यांना जाड जाकिटं चढवली. म्हातारी नागुबाई भोवळ येऊन पडली, तिला होडीत घातलं, आणि अहवालात 'एक महिला बुडताना वाचवली' अशी नोंद झाली.

"सायेब, वादळात पाऊस पडतो का हो?" सरजाबाईंनी विचारलं.

"पडतो म्हणजे? गावंच्या गावं बुडतात!"

"मग लवकर धाडा की! कवाधरनं वाट बघून राहिलो आमी."

खरोखर दूर समुद्रात वादळ उठलं तेव्हा साहेबांनी देवळावर धोक्याचा बावटा चढवला. बावटा असेतो कुणी किनारा सोडायचा नाही. म्हणजे बायांनी वेशीबाहेरच्या नाल्यावर झऱ्याच्या पाण्याला जायचं नाही! वेशीवर शिपाई बसला. पोरांचे ओठ फुटले, तसा सरजाबाईंनी शिपायाला होडीचं वल्हं दाखवलं. तो बाजूला झाला. त्या बंदराच्या इतिहासात वल्ह्याचा एवढाच उपयोग झाला.

वादळ गेलं समुद्रकाठच्या एका मोठ्या शहरावर. तिथल्या शहाण्यांनी खाडी बुजवून इमारती उठवल्या होत्या. वादळं इकडं येत नाहीत, शेजारच्या राज्यात जातात, अशी त्यांची खात्री होती. भोंगा वाजला तेव्हा लोक लाटा बघायला गेले. होड्या मागवल्या तर कळलं, यंदाचा कोटा बंदरवाडीला गेलाय.

आमच्याकडे मात्र वादळात एकही माणूस दगावला नाही. सबब आम्ही 'आदर्श बंदर' ठरलो.

समारंभ त्याच शहरात झाला. सभागृहाच्या भिंतीवर पाणी चढल्याची रेघ छातीइतकी होती. तिच्यावर पताका लावल्या होत्या. पाहुण्यांनी सरजाबाईंना करंडक दिला. "बोला, काय हवंय बंदराला?"

"टँकर."

"आणखी दोन होड्या मंजूर!" टाळ्यांचा कडकडाट झाला.

पुढच्या रांगेतल्या एका बाईंना राहवलं नाही. "अहो, तुमच्याकडे वादळच येत नाही, मग होडी कशाला?"

"तुमच्याकडं येतंय न्हवं? मग तुमची कुठं हाय?"

सभागृह खो खो हसलं. बंदरवाडीची बाई मोठी विनोदी आहे, असं सगळ्यांचं मत पडलं.

मग गर्दी चहाकडे पळाली. खुर्च्यांपाशी पाण्याचे ग्लास तसेच राहिले, दोन घोट घेऊन ठेवलेले. सरजाबाई एकेक ग्लास करंडकात रिकामा करू लागल्या.

"मास्तर, बघत काय राहिलाव? धरा की!"

मी धरला. लाज वाटली, खोटं कशाला बोलू? पण करंडक भरला. सरजाबाईंनी त्याचं तोंड फडक्यानं आवळलं, आणि गाडीत रात्रभर तो मांडीवरून खाली ठेवला नाही.

तिसऱ्या रांगेतला, कडेचा, जवळजवळ भरलेला ग्लास तुमचाच होता ना? तो नागुबाईला पोचला. टाळ्याही तुम्ही छान वाजवल्यात.